नवमीच्या पूजेत बसलेले तुकडे

माझ्या वडिलांच्या लेखी ॲल्युमिनियम हा धातूच नव्हता. लोखंड, बीड, पितळ, गनमेटल यांना ते धातू म्हणायचे. ॲल्युमिनियम म्हणजे डबे, कढया आणि कुकर. खामगावात कापसाच्या जिनिंगांच्या वस्तीत, घराला लागूनच त्यांचं लेथचं दुकान होतं आणि उभा जन्म त्यांनी जिनिंगच्या मशिनांचे शाफ्ट आणि बुश कातण्यात घालवला होता. त्यामुळे एम.टेक.चा विषय ठरल्यावर मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की ॲल्युमिनियमच्या संमिश्राला उष्णता देऊन त्याची झीज कमी करता येते का, ते मी शोधणार आहे, तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"म्हणजे कुकरवर अभ्यास?"

"कुकरवर नाही हो, बाबा."

"मंग? डब्यावर?"

आई स्वयंपाकघरातून हसली. मला राग पटकन येतो, तेव्हाही आला. तो गिळून मी समजावत बसले. ॲल्युमिनियम हलकं असतं पण मऊ असतं, घासलं की झिजतं. म्हणून ते वितळवायचं आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडची भुकटी ढवळायची, ग्राइंडरच्या चाकात असते ना, तीच. दाणे कडक, त्यामुळे झीज कमी. त्यावर भट्टीत आणखी प्रक्रिया केली तर झीज अजून किती कमी होते, हा माझा प्रश्न.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे रेती कालवून राह्यले तुम्ही. त्याच्यासाठी कॉलेजात काऊन जा लागते? गवंड्याकडं जा."

असे होते ते. पण त्यांच्या दारात जावं लागलं मलाच. चिखलीच्या कॉलेजात आम्ही मुशीत धातू वितळवून सळया ओतल्या. एक जात साध्या मिश्रधातूची, दुसरी दाणे घातलेली. आता या सळयांचे पेन्सिलीच्या तुकड्याएवढे नमुने कातून हवे होते, टोकं आरशासारखी सपाट. कॉलेजच्या आसपास दोन-तीन लेथवाल्यांकडे गेले. पहिल्याने सळई लावली, थोडी कातली, मशीन बंद केलं आणि टूलची गेलेली धार मला दाखवली. हे काम पुन्हा आणू नका, म्हणाला. बाकीच्यांनी त्याचं ऐकून सळईला हातच लावला नाही. मग मी सळया डब्यात घातल्या आणि बसमध्ये बसले.

वडिलांनी पहिली सळई लेथच्या चकमध्ये धरली, एक कट घेतला आणि मशीन थांबवून टूल डोळ्यांपाशी नेलं. "अरे बाप्पा! हे तं टूलच खाऊन राह्यलं!" त्यांचा चेहरा एकदम खुलला. ॲल्युमिनियमबद्दलचा आदर मी त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा पाहिला. टूलला धार लावायची, थोडं कातायचं, पुन्हा धार लावायची, असं ते दुपारभर करत राहिले आणि जेवायला हाक मारली तर ओरडले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावर घरात तेव्हा मोठं काहीतरी टांगलेलं होतं. वडिलांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ते नीट झालं, पण थंडीच्या सकाळी त्यांचा उजवा हात किंचित कापायला लागला होता. एका जिनिंगमधून शाफ्ट परत आला, सैल बसतो म्हणून. तेव्हापासून वडील मायक्रोमीटरनं मापलेलं पुन्हा पुन्हा मापायचे. अमडापूरकडचा एक माणूस थ्रेशर दुरुस्तीच्या धंद्यासाठी जुनी लेथ शोधत होता, तो दोनदा येऊन गेला होता. आईला लेथ जायला नको होती. माणूस घरी बसला की खचतो, हे तिचं म्हणणं. मला तर विचारच सहन होत नव्हता. त्या लेथच्या आवाजात मी पाढे पाठ केले होते.

वडिलांनी त्यावर आपला मार्ग काढला. एका संध्याकाळी माझ्या डब्यातल्या सळया हातात खेळवत म्हणाले, "हे तुहे तुकडे मी करतो. सगळे. याच्याहून वाकडं काम मी पाह्यलं नाही. हे जमलं तं लेथ ठेवतो. नाही जमलं तं हात गेला समजायचं आन् देऊन टाकायची."

मी म्हटलं, "असं कसं बाबा? माझ्या अभ्यासाचा आणि तुमच्या लेथचा काय संबंध?"

"तुह्या मशीनवर समजते नं कोणता तुकडा कसा हाय? मंग. जिनिंगवाला लाजेनं खरं बोलत नाही. मशीन बोलन."

झालं. माझा प्रबंध म्हणजे त्यांची परीक्षा झाली, आणि तपासनीस मी. इतकी धास्ती मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही परीक्षेची वाटली नव्हती.

कामाची एक रीत बसली. भट्टीतून लाल व्हायच्या आधीच बाहेर काढून पाण्यात बुडवलेलं हे ॲल्युमिनियम लगेच कडक होत नाही, उलट काही तास चांगलं मऊ असतं. त्याचा कडकपणा नंतर येतो, मंद आचेच्या ओव्हनमध्ये तासन् तास ठेवल्यावर. म्हणून सळया मऊ असतानाच कातून घेतल्या तर टूल जरा कमी खातात. मी सकाळी कॉलेजात सळया भट्टीतून काढून पाण्यात टाकायची, डबा घेऊन बस पकडायची. अमडापूर, उंद्री करत खामगाव. अमडापूरच्या बाजाराच्या दिवशी बस कोंबड्या आणि भाजीच्या पोत्यांनी भरून जायची आणि माझा डबा मांडीवर बघून बाया विचारायच्या, "काय स्वयंपाक नेऊन राह्यली वो बाई?" दुपारी वडील कातून द्यायचे आणि मी संध्याकाळच्या बसनं परत जाऊन तुकडे ओव्हनमध्ये ठेवायची.

ही उलटी गोष्ट वडिलांना शेवटपर्यंत पचली नाही. लोखंड लाल करून पाण्यात टाकलं की चर्र आवाज येतो आणि तिथेच ते कडक होतं, काम संपलं. "पाण्यातून निघून मऊ राह्यते, हा काय धातू हाय?" ते म्हणायचे. "याले इज्जतच नाही."

ते दिवस आठवले की मला अजून त्या दुकानाचा वास येतो. तापलेल्या तेलाचा, कापसाच्या उडालेल्या पुंजक्यांचा, वडिलांच्या खाकी शर्टाचा. पत्र्यावर ऊन तापायचं. मी लाकडी खोक्यावर बसून त्यांच्या मानेकडे बघत असे. शेवटचा हलका कट घेताना ते श्वास धरायचे आणि मीही नकळत धरायची. तुकडा सुटला की फुंकर मारून माझ्या तळहातावर ठेवायचे. गरम असायचा. "पाय, तोंड दिसते का?" ते विचारायचे, आणि मला टोकाच्या चकाकीत खरंच माझं नाक दिसायचं. लहानपणी मी त्यांच्या दुकानात फक्त चहा द्यायला जायची. बापाबरोबर बसून काम करायचं सुख मला त्या वर्षी मिळालं, आणि ते पुन्हा कधी मिळालं नाही.

झिजेची चाचणी सोपी असते. पोलादाची तबकडी गरगर फिरते, तिच्यावर तुकडा वजन देऊन दाबून धरायचा. आधी वजन, नंतर वजन, घटलं तेवढी झीज. पहिल्या खेपांचे आकडे आले आणि मार्गदर्शक सर चष्मा वर करून बघायला लागले. प्रक्रिया न केलेले तुकडे सर्वांत जास्त झिजत होते, प्रक्रिया केलेले कितीतरी कमी. ओव्हनमध्ये फार वेळ ठेवलेले पुन्हा जास्त झिजायला लागत होते. दाणे नुसते कडक असून भागत नाही, त्यांना धरून ठेवणारा धातूही घट्ट लागतो. दात चांगले पण हिरड्या सैल, असं झालं की दाणे सुटतात आणि सुटलेला दाणा मग त्याच तुकड्याला खरवडत बसतो. हे सगळं पुस्तकात असतं तसं समोर दिसत होतं. पण सरांना नवल वाटलं दुसऱ्याच गोष्टीचं. एका जातीचे सगळे तुकडे जवळजवळ सारखे झिजत होते. "हे करून कुणाकडून घेता?" त्यांनी विचारलं. "टोकांचे असे सपाट फेस आपल्या वर्कशॉपमध्ये निघत नाहीत."

हे मी घरी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहावाल्यापासून जिनिंगच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, की कॉलेजात आपल्यासारखे फेस निघत नाहीत. अमडापूरचा माणूस आला तर वडिलांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. आता एकच खेप उरली होती. शेवटची.

ती आली खंडेनवमीला. कॉलेज त्या दिवशी अर्धाच दिवस उघडं होतं, पण ओव्हनसाठी प्रयोगशाळा संध्याकाळी उघडून मिळणार होती. मी सकाळीच सळया पाण्यात बुडवून काढल्या आणि बस पकडली. वडिलांनी साध्या आणि दाण्यांच्या, दोन्ही जातींचे तुकडे दुपारपर्यंत कातून संपवले. मी संध्याकाळच्या बसची चौकशी करायला स्टँडवर गेले आणि परत आले तर आई पूजेचं ताट घेऊन आलेली होती.

लग्न होऊन आल्यापासून लेथची पूजा तीच करायची. मशीन स्वतः पुसायची, तेलाचा हात फिरवायची, झेंडूचा हार घालायची. आणि आमच्या घरची एक रीत होती. पूजेच्या आधी लेथवरून जी शेवटची वस्तू उतरली असेल ती मशीनसोबत पूजेत बसवायची. एकदा पूजेत बसलं, की दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. इतर वर्षी तो एखादा बुश असायचा, कधी साधा नट. त्या वर्षी माझे तुकडे होते. केळीच्या पानावर ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट. आई डोळे मिटून हात जोडून उभी होती आणि तिला वाटलं असेल तिच्याजवळ कुणी नाही, कारण ती जरा मोठ्यानंच म्हणत होती, "ही मशीन घरातच राहू दे रे बाप्पा. त्याहिच्या हातात राहू दे."

ती वळल्यावर मी म्हटलं, "आई, हे तुकडे मला आत्ता न्यायचे होते."

तिचा चेहरा पडला. "मले काय माहीत? आता बसले नं पूजेत."

मी काही बोलायच्या आत माझ्यामागे दारात उभे असलेले वडील म्हणाले, "राहू दे. पाण्यात बुचकळून थंड झाले नं? थंड वस्तूले काय होते? परवा ने."

पोलादावर जन्म घालवलेल्या माणसाचं ते बोलणं होतं. थंड झालं म्हणजे झालं. मलाही ते पटलं. तरी मी सरांना फोन केला. त्यांचं आयुष्य बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कामात गेलेलं. तेही म्हणाले, की खोलीत पडून काही होत नाही, दसरा करूनच या. असे आम्ही तिघं शहाणे एका मताचे झालो आणि मी निश्चिंत मनानं आईच्या हातचं जेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडिलांबरोबर घरोघरी आपट्याची पानं द्यायला गेले. ते भेटेल त्याला सांगत होते, "पोरीचं काम संपलं. आमच्या दुकानातूनच झालं सगळं." इतक्या खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

दसऱ्यानंतर ते तुकडे रीतसर ओव्हनमध्ये गेले, नेहमीचीच आच, नेहमीचेच तास. मग तबकडीवर गेले, आणि झिजेचे आकडे मी दोनदा वाचले. साधे तुकडे आधीच्या खेपेपेक्षा कितीतरी जास्त झिजले होते. दाण्यांचेही जास्त झिजले होते, पण थोडे. मी काटा तपासला, तबकडी बदलली, पुन्हा केलं. तेच. सर हलक्या आवाजात म्हणाले, "फेस जरा बघून घ्या एकदा." त्यांचं चुकलं नाही. भट्टी तीच, ओव्हन तोच, धातू तोच. बदलू शकेल असा उरला होता फक्त कातणाऱ्याचा हात.

मी घरी काही सांगणार नव्हते. पण वडिलांनी दारातच विचारलं, आणि खोटं बोलायला मला कधी जमलं नाही. त्यांनी तुकडे मागून घेतले. उजेडात खिडकीशी बसले, भिंग लावलं, एकेक फिरवून पाहिला. न वापरलेला एक तुकडा शिल्लक होता, त्याच्या टोकावर त्यांना कुठेतरी बारीक लहर दिसली.

"हा माहा हात हाय," ते म्हणाले.

"बाबा, मला तर काही दिसत नाही."

"तुले नाही दिसणार. मले दिसते." त्यांनी भिंग घडी करून खिशात ठेवलं. मी वाद घातला, चिडले, रडलेसुद्धा. ते शांत होते. ज्याची वाट बघत होते तो निकाल हाती आल्यासारखे शांत. मला त्या शांतपणाचाच जास्त राग आला.

दिवाळीनंतर लेथ गेली. टेम्पो दाराशी लागला. आईनं मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. वडील त्या अमडापूरच्या माणसाला कुठे किती तेल घालायचं, कोणता गिअर कसा हट्टी आहे, हे सांगतच राहिले. तो बिचारा सगळ्याला हो हो करत होता. टेम्पो चिखलीच्या रस्त्याला लागल्यावर वडिलांनी रिकाम्या दुकानाचं शटर ओढलं आणि मला म्हणाले, "चाल, भूक लागली."

त्या थंडीत मी प्रबंध लिहायला बसले. ती शेवटची खेप मला सोडत नव्हती. ती गाळून टाकली असती तरी चाललं असतं, सरांनीही तेच सुचवलं. पण दोन जातींच्या झिजेतला फरक मला खटकत होता. हात कापला असता तर दोन्ही जातींचे तुकडे सारखेच बिघडायला हवे होते. साधेच इतके का बिघडले? हात काय साध्या तुकड्यांवर कापतो आणि दाण्यांच्या तुकड्यांवर सरळ होतो?

उत्तर कॉलेजच्या ग्रंथालयातल्या जुन्या नियतकालिकांत पडलेलं होतं. या जातीच्या ॲल्युमिनियमला पाण्यातून काढल्यावर ताटकळत ठेवायचं नसतं. साखरेच्या पाकासारखं असतं ते. गरम असताना त्यातलं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन धातूत विरघळलेलं असतं. पाण्यात बुडवलं की ते आत अडकून पडतं, आणि नंतर मंद आचेवर त्याच्या बारीक बारीक कण्या धरतात. त्या कण्यांनीच धातू कडक होतो. पण मध्ये एक-दोन दिवस नुसतं पडू दिलं, तर ते आतल्या आत आपलं आपण गोळा व्हायला लागतं. मग ओव्हनमध्ये हवी तशी कणी धरत नाही आणि धातू मऊच राहतो. सिलिकॉन कार्बाइडचे दाणे घातलेल्या तुकड्यात मात्र हे गोळा होणं कमी होतं आणि ओव्हनमधली कणी लवकर धरते, म्हणून त्याला ताटकळल्याचा फटका कमी बसतो. माझ्या आकड्यांत अगदी हेच होतं.

खात्री करायला माझ्याकडे पहिल्या खेपांतले जास्तीचे तुकडे होते, ज्यांच्या फेसांची सरांनी तारीफ केली होती, तेच. ते पुन्हा भट्टीत टाकले, पाण्यात बुडवले आणि अर्धे लगेच ओव्हनमध्ये ठेवले, अर्धे दोन दिवस टेबलावर तसेच पडू दिले. टेबलावरचे साधे तुकडे तसेच झिजले, नवमीच्या तुकड्यांसारखे. काट्यावरचा आकडा बघून मी प्रयोगशाळेत एकटीच मोठ्यानं हसले. बाबांचा हात चुकला नव्हता. त्यांचा हात शेवटच्या तुकड्यापर्यंत जसा होता तसाच होता.

हसू संपल्यावर मला आठवलं, की लेथ गेली.

तरी मी त्याच दिवशी बस पकडली. वडील ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते, समोर वर्तमानपत्र होतं पण वाचत नव्हते. मी त्यांना सगळं सांगितलं. पाक, कण्या, ताटकळणं, टेबलावरचे तुकडे. ते पुढे झुकून ऐकत होते. मध्येच त्यांनी उजवा हात समोर धरला आणि उलटासुलटा करून पाहिला, एखाद्या ओळखीच्या माणसाकडे खूप दिवसांनी बघावं तसा.

"म्हणजे हात नव्हता?"

"नव्हता. तुमचा हात एकदम बरोबर होता."

ते हसले. इतकं मोकळं हसले की आतून आईनं विचारलं, "काय म्हणून राह्यली पोरगी?"

त्यांचं हसू तिथेच थांबलं. जे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं, ते त्यांना एका क्षणात दिसलं. तुकडे ताटकळले ते पूजेत बसले म्हणून. पूजेत बसवले आईनं. आणि ती तेव्हा देवाजवळ काय मागत होती, ते त्यांनीही ऐकलं होतं.

"काही नाही," ते आत बघून मोठ्यानं म्हणाले. "तिचं काम कॉलेजच्या सराइले पसंत पडलं." मग माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "तुह्या आईले हे सांगू नको."

"पण बाबा, ती सगळ्यांना सांगते, तुमचा हात—"

"सांगू दे. लेथ तं गेली. आता हे समजून तिले काय भेटन? मशीन राहावी म्हणून हात जोडले तिनं. तेच तुकडे होते समोर. तुही आई जन्मभर मनाले लावून घेईन."

मला पटलं नाही. मी म्हटलं, चूक आईची नव्हतीच, तुम्ही म्हणालात थंड वस्तूला काय होतं, सर म्हणाले, मी ऐकलं. ते म्हणाले, "हे तुले समजते. तिले समजणार नाही." मला तेव्हा वाटलं ते आईला कमी लेखत आहेत. आता वाटतं, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ओळखत होते.

प्रबंधात मी ते प्रकरण लिहिलं. ताटकळण्याचा परिणाम, साध्या आणि संमिश्र तुकड्यांतला फरक. तुकडे का ताटकळले ते लिहिलं नाही. सरांना ते प्रकरण सगळ्यांत आवडलं आणि पुढे त्याच्याच जोरावर मला शिकवण्याची नोकरी लागली.

घरात मात्र गोष्ट ठरून गेली होती. कुणी पाहुणा आला, रिकाम्या दुकानाचा विषय निघाला, की आई सांगायची, "त्याहिचा हात हलाले लागला होता नं. शेवटी पोरीच्या तुकड्यातही चुकला." तिच्या आवाजात माया असायची, आणि थोडा अभिमानही, की माणसानं वेळेवर ओळखलं. ती सांगून झाली की वडिलांकडे बघायची आणि वडील म्हणायचे, "हाव. हलत होता." लग्नकार्यात म्हणायचे, आजारपणात भेटायला आलेल्यांसमोर म्हणायचे. जिनिंगच्या जुन्या फिटरसमोर म्हणाले, तेव्हा मला उठून जावं लागलं. ज्या हातावर त्या माणसाची उभी इज्जत होती, तो हात ते चहाच्या कपाबरोबर लोकांसमोर ठेवून द्यायचे. दरवेळी माझ्या जिभेवर खरं यायचं आणि दरवेळी ते माझ्याकडे न बघता मला गप्प करायचे.

मागच्या वर्षी आई गेली. तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, मी काही दिवस वडिलांजवळ राहिले. एका दुपारी मी त्यांच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं. त्यांनी घास उचलला. वय झालंय, हात आता खरोखरच कापतो, वरणभात ताटात सांडला. ते त्या हाताकडे बघत बसले. मी सांडलेलं पुसायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाई, एक इचारू?"

"विचारा ना, बाबा."

"तवा हलत नव्हता नं हा? ते तुहे तुकडे केले तवा?"

मला वाटलं ते गंमत करताहेत. पण त्यांच्या डोळ्यांत गंमत नव्हती. इतकी वर्षं हाव, हलत होता, हलत होता असं म्हणता म्हणता त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

"नव्हता हलत," मी म्हटलं. "एकदम बरोबर होता."

"असं नको सांगू," ते म्हणाले. "तवा सांगितलं होतं नं समजावून, पाण्यातून काढल्यावर आत काय होते ते? तसं सांग. सगळं सांग."

मी ताट बाजूला सरकवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.